आधी मूळ, मग ताण

बोगनवेलीला पाणी किती घालायचं, हे आमच्या सोलापूर जिल्ह्यात मला रोज कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं असतात. एकाकडे बोअर आहे, पाइप आहे, आणि संध्याकाळी झाडांना पाणी घालणं हा त्याच्या जिवाचा विरंगुळा आहे. दुसऱ्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो, आणि हे झाड पाण्यावाचून जगतं असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. पहिल्याची बोगनवेल गच्चीपर्यंत चढते पण फुलत नाही. दुसऱ्याची पहिल्याच उन्हाळ्यात वाळते. दोघंही परत येतात, आणि रोपच खराब निघालं असं दोघांनाही वाटत असतं.

मी मूळचा सांगोल्याकडचा, डाळिंबाच्या घरातला. रोपवाटिका टाकली ती मोहोळजवळ, रस्त्याकडेला. सुरुवातीला डाळिंब, सीताफळ, लिंबू अशी फळझाडंच ठेवत होतो. पण येणाऱ्या बायकांना फुलझाड हवं असायचं, आणि तेही उन्हाळा काढणारं. गुलाब मे महिन्यात माना टाकतो, मोगऱ्याला पाणी लागतं, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसतो. आमच्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही जूनमध्ये हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात परतीच्या वाटेवर एकदम पडतो. एवढ्यावर भागवून वर रंग दाखवणारी झाडं मोजकीच आहेत. कण्हेर आहे, तरवड आहे, आणि बोगनवेल. कण्हेर विषारी म्हणून लहान मुलं असलेल्या घरी मी देत नाही. तरवड माळावरचा, त्याला कुणी पैसे देऊन नेत नाही. अशी बोगनवेल माझ्याकडे आली, आणि पुढे फळझाडांच्या बरोबरीनं तिच्यावर माझं घर चाललं.

ती देवाला चालत नाही. वास नाही म्हणून गजऱ्यालाही चालत नाही. तरीही माणसं ती नेतात, कारण एप्रिलमध्ये गावात दुसरं काहीच रंगात नसतं.

पाणी घालण्याविषयी मला जे काही कळलं, त्याची सुरुवात एका निवृत्त शिक्षकांच्या बंगल्यात झाली. फाटकाशेजारी राणी रंगाची बोगनवेल लावलेली होती, माझ्याकडूनच नेलेली. वेल कसली, रानच झालं होतं. मनगटाएवढ्या फांद्या, हातभर लांबीचे पानसोट, तळव्याएवढी काळीभोर हिरवी पानं. फूल मात्र एक नाही. घरच्या काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी बुंध्यापाशी बोट खुपसलं, तर दुसऱ्या पेरापर्यंत गार चिखल. न्हाणीचं सांडपाणी तिथंच सोडलेलं होतं, वर रोज संध्याकाळी दोन बादल्या. शिवाय कुणीतरी युरियाही सांगितला होता.

मी म्हटलं, "काकू, हिचं पाणी तोडा."

"अहो, मरेल की ती!"

"मरणार नाही. तिनं मूळ धरलंय. आता तिला पाणी नकोय."

न्हाणीचं पाणी मागच्या बाजूला केळीकडे वळवलं, पानसोट बुडातून काढले, बाकीच्या फांद्या निम्म्यावर आणल्या आणि बादली बंद केली. दिवाळीनंतरचे दिवस होते. काकू दोन-तीनदा फोन करून सांगत राहिल्या की दुपारी पानं माना टाकतात, ते बघवत नाही. मी त्यांना सकाळी सहाला बघायला सांगितलं. सकाळी पानं ताठ असायची. दुपारी माना टाकून संध्याकाळी सावरणाऱ्या झाडाला काही झालेलं नसतं, ते उन्हात आपलं पाणी राखत असतं. पहाटेही पानं लोंबत असतील, तर मात्र तहान खरी. तेव्हा एकदाच, पण बुडापासून लांब आळं करून, मुळं भिजतील इतकं पाणी द्यायचं. जानेवारी सरता सरता त्या वेलीनं पानं टाकली, आणि उघड्या फांद्यांवर पेरापेराला रंग आला. काकूंना आनंद झाला, पण पाणी न घालण्याची सवय त्यांना कधीच लागली नाही. नंतर त्यांनी शेजारी एक जास्वंद लावली, आणि पाणी घालायची हौस तिच्यावर भागवून घेतली. मला तो तोडगा फार आवडला. पुढे अनेकांना मी तोच सांगितला.

बोगनवेलीची एक फांदी हातात घेऊन डोळ्यांजवळ धरून बघा. पान जिथं फांदीला चिकटतं, त्या बेचक्यात एक बारीक कोंब असतो. त्याच कोंबाचा काटा होतो आणि त्याच कोंबाचा फुलोरा होतो. पाणी आणि नत्र भरपूर मिळालं, की फांदी लांबत जाते आणि बेचक्यात काटा येतो, बाकदार आणि टोकाला कडक. पाणी कमी झालं, दिवस लहान झाले, ऊन चांगलं मिळालं, की त्याच जागी तुरा येतो. कधीकधी तर काट्यासारख्या जाड देठातूनच फुलाचा फाटा निघालेला दिसतो, इतके ते दोघे जवळचे. आपण ज्याला फूल म्हणतो ती तीन रंगीत पानं असतात, कागदासारखी कोरडी, शिरा स्पष्ट दिसणारी. खरं फूल त्यांच्या पोटात असतं, पांढरट, बारीक नळीसारखं. प्रत्येक रंगीत पानाच्या मधल्या शिरेला एकेक नळी चिकटलेली असते. रोपवाटिकेत शाळेची मुलं आली की मी ही फांदी त्यांच्या हातात देतो. काटा आणि तुरा एकाच जागचे आहेत हे त्यांना फार पटकन दिसतं.

डाळिंबवाल्याला यातलं काहीच नवीन नाही. बहार धरायचा म्हणजे आधी बागेचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची, आणि मग छाटणी करून पाणी सोडायचं. आंबे बहार असो, मृग असो नाहीतर हस्त. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं. ताण कधी सुरू करायचा आणि कुठं थांबवायचा हे ते फांदी वाकवून सांगायचे. पण पहिली दोन वर्षं त्यांनी कधी कुठल्या झाडाचा बहार धरला नाही. नव्या झाडाला आलेली कळी ते स्वतः खुडायचे. आधी मूळ, मग ताण, असं त्यांचं गणित. बोगनवेलीच्या बाबतीत मी हाच नियम पुढं चालवला. दुष्काळात तगणारं झाड ही गोष्ट मूळ खोल गेल्यानंतरची आहे. पिशवीतलं रोप दुष्काळात तगत नाही. त्याला पहिले दोन उन्हाळे पाणी लागतंच, आणि ते हळूहळू लांबवत न्यायचं असतं: आधी दोन दिवसांआड, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला. दर वेळी भरपूर द्यायचं, म्हणजे मूळ पाण्याच्या मागे खाली जातं. रोज तांब्याभर घातलं तर ते वरच रेंगाळतं.

रस्त्याच्या दुभाजकावर मला हे सगळं मोठ्या प्रमाणावर बघायला मिळालं. एका ठेकेदाराने बोगनवेलीची भरपूर रोपं मागितली. दुभाजकावर झाड लावायचं एक कारण शोभा, आणि दुसरं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर येऊ नये हे. छाती-कमरेएवढं दाट झुडूप त्याला पुरतं. बोगनवेल छाटणीला दाद देते, धुरात टिकते, पाणी थोडं मागते. निवड चांगली होती. पण लागवड मार्चात करायची होती, कारण मार्चअखेर बिल निघायचं होतं. मी जून सांगितला, तो कुणी ऐकला नाही. मजूर रोजंदारीवरचे, कामाची घाई, पिशवी मुठीत धरून रोप वर ओढायचं आणि खड्ड्यात टाकायचं. बोगनवेलीची मुळं दोऱ्यासारखी बारीक आणि कडकडीत ठिसूळ असतात. ओढलं की मातीचा गड्डा फुटतो आणि मुळं तुटतात. वरून रोप हिरवं दिसतं, आत काही उरलेलं नसतं. पिशवी आडवी धरून पात्यानं एका बाजूनं चिरायची, गड्डा तळहातावर घेऊन खड्ड्यात ठेवायचा आणि प्लॅस्टिक मग सोडवायचं. याला एका रोपामागे मिनिटभर जास्त लागतं. तो वेळ कुणाकडे नव्हता. मेच्या अखेरीस दुभाजकावर ओळीनं वाळक्या काड्या उभ्या होत्या.

दुसऱ्या वेळी काम जून-जुलैत झालं, आणि लावायला माझीच माणसं होती. दुभाजकात माती नावाला असते. सगळा भराव, मुरूम, खडी, डांबराचे तुकडे. खड्डा मोठा घेऊन पोयटा आणि शेणखत घातलं. काळी माती मी मुद्दाम टाळली. काळ्या जमिनीत पाणी साचून मूळ कुजतं, आणि उन्हाळ्यात ती भेगाळली की मुळं तटातट तुटतात. आमच्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत आणखी एक होतं. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला पाण्याची कमतरता समजतात आणि आणखी पाणी घालतात. तिथं लोह कमी पडलेलं असतं, आणि साचल्या पाण्यानं ते आणखीच अडतं. अशा वेळी पाणी कमी करून फेरस सल्फेटची हलकी फवारणी केली की पालवी हिरवी येते.

त्या रोपांना दोन उन्हाळे टँकरनं पाणी दिलं. शेळ्यांचा त्रास होता, पाला त्यांना आवडतो. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. तिसऱ्या वर्षापासून टँकर बंद.

आणि त्यानंतर 2012-13 चा दुष्काळ आला. उजनी धरण उणे साठ्यात गेलं, रस्त्याकडेला चारा छावण्या उभ्या राहिल्या. माझ्या विहिरीनं डिसेंबरातच तळ दाखवला. त्या उन्हाळ्यात दुभाजकावरची बोगनवेल अशी फुलली की मैल न् मैल राणी, नारिंगी आणि पांढरा रंग, मध्ये हिरवं पान दिसेना. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण छावणीसमोरच्या चहाच्या टपरीवर मी उभा असताना एक माणूस तावातावानं म्हणाला, "जनावरांच्या तोंडाला पाणी नाही, आणि रस्त्याला फुलं फुलवतेत. कुणाच्या बापाचं पाणी हाय हे?" त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. माझी मान खाली गेली. त्या झाडांना दोन वर्षांत थेंब दिलेला नाही हे मला सांगता येत होतं, पण त्या माणसाची जनावरं मागं बांधलेली होती आणि त्याचा राग खोटा नव्हता. बाकड्यावर पागोटं बांधलेले एक म्हातारे बसले होते, डाळिंबवाले असावेत. ते शांतपणे म्हणाले, "पाणी कुणी घालत न्हाई तिला, बाबा. ताण बसलाय. तुझी-माझी बाग बी ताणावरच फुलती की." मग ते दोघं डाळिंबाविषयीच बोलत राहिले, कुणाची बाग टँकरवर आहे, कुणी तोडून टाकली.

मी त्या बोलण्याचा बरेच दिवस विचार करत होतो. फुललेली झाडं सुखात होती असं मला म्हणता येणार नाही. ताणाखाली झाड आपलं साठवलेलं खर्च करून फुलतं. त्या वर्षी ज्यांची मुळं खोल होती ती फुलली आणि पुढच्या पावसात पुन्हा पालवली. त्याच ओळीत पुलाजवळ नंतर लावलेली, एकच उन्हाळा काढलेली रोपं होती. तीही फुलली, आणि मग मुळासकट गेली. लांबून दोन्हींचा रंग सारखाच दिसत होता. नुसत्या फुलांवरून झाडाची तब्येत सांगायचं मी तेव्हापासून सोडलं. आधी बुंधा बघतो, नखानं साल खरवडून खालचा हिरवा पापुद्रा बघतो, मग बोलतो.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. त्या उन्हाळ्यात मी रोपवाटिकेचा एक नियम ठरवला तो आजतागायत पाळतोय. फेब्रुवारी ते मे मी बोगनवेलीचं रोप कुणाला देत नाही. धंद्याच्या दृष्टीनं हे अवघड आहे, कारण झाड फुलतं ते याच दिवसांत, आणि फुललेलं बघूनच माणसाला ते हवंसं वाटतं. पण उन्हाळ्यात लावलेल्या रोपाला जगवायला जे पाणी लागतं ते जूनमध्ये आभाळातून मिळतं. मी गिऱ्हाइकाला रंग निवडू देतो, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पिशवीला बांधतो आणि दोन पाऊस झाले की बोलावतो. काहीजण रागावून दुसरीकडे जातात. जे जूनमध्ये परत येतात, त्यांची झाडं बहुतेक जगतात.

काही जाणकार मंडळी येऊन म्हणतात की परदेशी झाड कशाला लावता, देशी लावा. त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. माळावर, बांधावर, डोंगरउतारावर मी बोगनवेल सुचवत नाही. तिथं तरवडच हवा. त्याला शेळी तोंड लावत नाही, पिवळ्या फुलांवर माश्या येतात, आणि नवरात्रात पोरं त्याची फुलं घटाच्या माळेसाठी शोधत फिरतात. बोगनवेलीची जागा भिंत, कुंपण, दुभाजक, गच्चीवरची कुंडी. ती दक्षिण अमेरिकेतली. 1767 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हील याच्या जगप्रदक्षिणेत, ब्राझीलच्या रिओजवळ, फिलिबेर कोमर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचे नमुने गोळा केले आणि तिला कप्तानाचं नाव दिलं. कोमर्सोंबरोबर झान बारे नावाची बाई होती, पुरुषाच्या वेषात, कारण जहाजावर बायकांना बंदी होती. ओझी उचलणं, झाडं गोळा करणं, ती जपून ठेवणं ही कामं ती करायची. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. माझ्या रोपवाटिकेतही पिशव्या भरणं, काड्या लावणं, पाणी बघणं ही सगळी कामं बायकाच करतात, म्हणून ही गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यातल्या एका मावशीनं विचारलं, "मग झाडाला तिचं नाव का न्हाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि बोगनवेल वाटते तितकी परकीही नाही. आपल्या बांधावर पसरणारी घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, तिच्याच कुळातली. अंगणातली गुलबाक्षीही त्याच कुळातली, आणि तीही अमेरिकेतूनच आलेली. नव्या जाती करण्यातही आपल्या लोकांचा मोठा हात आहे. गव्हावर काम केलेले डॉ. बी. पी. पाल, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, यांनी गुलाबाइतकंच मन लावून बोगनवेलीवर काम केलं. एकाच झाडावर पांढरा आणि राणी असे दोन्ही रंग देणारी मेरी पामर ही जात तर कोलकात्यात मिळाली, मिसेस बट या लाल जातीच्या एका फांदीनं आपोआप रंग बदलला त्यातून.

ही मेरी पामर माझी सगळ्यात आवडती, आणि सगळ्यात हट्टी. साध्या राणी रंगाच्या जातीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी पावसाच्या तोंडावर वाळूत तिरकी खोचली की महिना-दीड महिन्यात मूळ धरते. मेरी पामरच्या काड्या पालवतात, आशा लावतात आणि काळ्या पडतात. त्या पालवीला मूळ नसतं, काडी आपल्याच साठ्यावर ती काढते. आमच्याकडच्या एका मावशींनी ही फसवी पालवी ओळखायची रीत बसवली आहे. काडी उपटून बघायची नाही, पहिली पालवी धरायची नाही. पालवीची दुसरी फेरी आली तरच काडी जगली समजायची. संजीवक लावून थोडा फरक पडतो. खात्रीचं म्हणाल तर राणी रंगाच्या खुंटावर डोळा भरायचा, नाहीतर गुटी बांधायची. डोळा भरताना काटा बोटात जातो, आणि बोगनवेलीचा काटा ठणकतो. हातमोजे घालून बारीक सालीचं काम होत नाही, तेव्हा आधी खुंटाचे काटे कात्रीनं उडवायचे. पांढऱ्या काठाच्या पानांच्या जातींवर मधूनच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती जोमानं वाढते म्हणून लोक ठेवतात, आणि वर्षभरात सगळं झाड हिरवं होऊन बसतं. ती दिसली की बुडातून काढायची.

दोन वर्षांपूर्वी तो दुभाजकाचा रस्ता रुंद करायला काढला. दुभाजक जेसीबीनं उखडणार होते. कामावरच्या मुकादमाला मी विनंती केली, आणि त्यानं आम्हाला दोन रात्री दिल्या. जुने बुंधे मांडीएवढे झाले होते. फांद्या गुडघ्याच्या उंचीवर तोडल्या, पान एक ठेवलं नाही. भोवतीनं चर घेतला, मुळांचा गड्डा मुरमासकट गोणपाटात आवळला आणि टेम्पोत घातला. एका जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणाला ते लावले. दिवस उन्हाळ्याचेच होते, इलाज नव्हता, म्हणून बुंध्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि शाळेच्या पोरांना पाण्याचे वार वाटून दिले. पोरांनी सुट्टीतही येऊन पाणी घातलं. बरेच बुंधे गेले. जे राहिले त्यांत मेरी पामरचे दोन आहेत. गेल्या हिवाळ्यात मी पोरांना पाणी बंद करायला सांगायला गेलो, तेव्हा मास्तर म्हणाले, "तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत." मग एक फांदी सगळ्यांना दाखवली, आणि पुढच्या पाण्याचा वार नवीन लावलेल्या लिंबाला दिला. येत्या पावसाळ्यात त्या दोन बुंध्यांवरून गुटी बांधणार आहे.